वाचकांचे प्रश्न : गाडीवर गाणी लावायचीत, पण वारा ऐकू देईल का?

मागच्या अंकात मी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं की टूरिंगच्या गाडीवर म्युझिक सिस्टीम बसवायची असेल तर आधी पुढच्या काचेचं, म्हणजे विंडशील्डचं बघा आणि मग स्पीकरचं. बस्स, तेवढ्यावरून एवढी पत्रं आणि मेल आले की या वेळी टायर आणि चेन-स्प्रॉकेटचे प्रश्न पुढच्या महिन्यावर ढकललेत, त्यांनी रागावू नये.

नमस्कार दादा. माझ्याकडे इंटरसेप्टर ६५० आहे, मोठी विंडशील्ड आणि पॅनियर टाकून घेतलेत. डिसेंबरमध्ये सांगली ते कन्याकुमारी जायचं ठरतंय. इथल्या कार ऑडिओवाल्याने लेगगार्डवर दोन साडेसहा इंची स्पीकर आणि १००० वॅटचा ॲम्प असं फिटिंगसकट १८ हजार सांगितलंय. शंभरच्या स्पीडला क्लिअर ऐकू आलं पाहिजे एवढीच अपेक्षा आहे. घेऊ का? – सांगलीहून एक वाचक

भावा, थांब. पैसे दिले नसशील तर अजिबात देऊ नकोस, आणि ॲडव्हान्स दिला असशील तर त्याच पैशात गाडीचं दुसरं काहीतरी काम करून घे.

आधी त्या हजार वॅटचं बघू. दुकानात गेल्यावर ॲम्प, म्हणजे स्पीकरला पॉवर देणारा ॲम्प्लिफायर, हातात घे, उलटा कर आणि त्याच्यावरचा फ्यूज किती अँपियरचा आहे ते बघ. समजा १० चा आहे. गाडी चालू असताना सिस्टीमला साधारण १४ व्होल्ट मिळतात, १४ गुणिले १० म्हणजे १४० वॅट, त्याच्यापेक्षा जास्त तो ॲम्प सलग ओढायला लागला तर फ्यूज उडणार. त्यातले पण पंधरा-वीस टक्के उष्णतेत जातात, म्हणजे स्पीकरपर्यंत एकशेवीसच्या आतच पोचणार, मग हजार आले कुठून? खोक्यावर छापलेले वॅट विसरायचे आणि फक्त आरएमएस, म्हणजे ॲम्प सलग देऊ शकतो ते खरे वॅट, हा आकडा विचारायचा. दुकानदार "आरएमएस वगैरे सोडा साहेब, आवाज ऐका" म्हणाला की आपण चहा पिऊन बाहेर पडायचं.

आता लेगगार्ड. दुकानात गाडी स्टँडवर लावून गाणं वाजवतात तेव्हा भारीच वाटतं, कारण तीन बाजूंना भिंती असतात आणि वारा नसतो. हायवेवर भिंती नाहीत, काचा नाहीत, वर टप नाही. कारमध्ये जो बेस अंगावर येतो तो निम्मा त्या बंद डब्यामुळे येतो, बाईकवर तो बेस सरळ शेतात जातो. त्यात लेगगार्ड तुझ्या कानापासून मीटरभर तरी लांब आणि स्पीकरचं तोंड गुडघ्याकडे. अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो, आणि ते ६ डेसिबल परत मिळवायला चौपट पॉवर लागते, म्हणजे २५ वॅटचं काम करायला १०० वॅट. वरून चिखल, खडी आणि इंजिनची गरमी मोफत.

या लेगगार्डचा मला स्वतःला अनुभव आहे म्हणून एवढं तळमळून सांगतोय. बऱ्याच वर्षांपूर्वी मी कारचे जुने कागदी कोनचे (कोन म्हणजे स्पीकरचा हलणारा पडदा) स्पीकर प्लास्टिकच्या डब्यात बसवून लेगगार्डला क्लॅम्प केले होते आणि ऐन जुलैमध्ये कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो. मलकापूरपर्यंत राजा होतो. आंबा घाट उतरून साखरप्याला चहाला थांबलो तर डावा स्पीकर फक्त फरफर करत होता, जाळी काढून बघितलं तर कोन भिजलेल्या पापडासारखा हाताला आला. आणि परत येताना हँडलच्या मानेपाशी वायर घासून तिचं कव्हर गेलं आणि शॉर्ट झालं, फ्यूज टाकायचा कंटाळा मीच केला होता, त्यामुळे टाकीखालून धूर निघाला तेव्हा कळलं. बॅटरीचं टर्मिनल पाना घेऊन खोलेपर्यंत हात कसे थरथरत होते ते अजून आठवतं.

म्हणून क्रम असा धर. पहिल्यांदा काच. मोठी विंडशील्ड म्हणजे शांतता असं सगळ्यांना वाटतं पण बऱ्याच वेळा उलटं असतं, काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेला वारा गरगरत बरोबर हेल्मेटवर येऊन आपटतो. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, ७० च्या स्पीडला फूटपेगवर चार बोटं उठून बघ. डोकं वर गेल्यावर घोंघाट एकदम कमी झाला तर चूक काचेची आहे. मग काचेचा कोन बदल, खालून थोडी फट ठेव, नाहीतर सरळ लहान काच लाव. हे फुकटात होतं आणि याने जेवढा फरक पडतो तेवढा दुप्पट महाग स्पीकर घेऊन पडत नाही.

मग तुझ्या गाडीला फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारं पुढचं मोठं आवरण, नाही हे मान्य कर. हार्लेच्या मोठ्या टूरिंग गाड्यांवर किंवा गोल्डविंगवर स्पीकर चांगले वाजतात कारण त्यांना पुढे कपाटाएवढं फेअरिंग आहे, स्पीकर त्यात छातीसमोर, चेहऱ्याकडे तोंड करून बसलेत. अशा नेकेड, म्हणजे आवरण नसलेल्या गाडीवर शंभरच्या स्पीडला क्लिअर आवाज पाहिजे असेल तर स्पीकर कानाजवळच पाहिजे, म्हणजे हेल्मेटमध्ये. त्या १८ हजारात चांगला ब्लूटूथ इंटरकॉम येतो, म्हणजे हेल्मेटमध्ये बसणारा स्पीकर-माइकचा संच. सेना आणि कार्डो ही नावं तुला माहीत असतीलच, त्यांच्या वरच्या मॉडेलमध्ये हर्मन कार्डन आणि जेबीएलचे स्पीकर येतात. ती मॉडेल बजेटच्या बाहेर गेली तरी ४० मिलिमीटरचे स्पीकर असलेलं साधं युनिटसुद्धा लेगगार्डवरच्या त्या तोफांपेक्षा स्पष्ट ऐकू येईल. फक्त बसवताना स्पीकरचा मध्य बरोबर कानाच्या भोकासमोर आला पाहिजे. सेंटिमीटरभर खाली सरकला तरी बेस गायब होतो आणि लोक कंपनीला शिव्या घालतात. हेल्मेट घालायचं, कानाच्या जागी आतल्या कापडावर खडूने खूण करायची, तिथे वेल्क्रो लावायचं, आणि कानापासून लांब वाटला तर मागे फोमची चकती घालून पुढे आणायचा. आतलं थर्माकोल मात्र कोरायचं नाही हां, कितीही घट्ट होत असलं तरी, पडल्यावर डोकं तेच वाचवतं.

आणि एवढं सगळं वाचूनही स्पीकरच पाहिजे असतील, सिटीत आणि गावच्या रस्त्याला ५०-६० ने जाताना मजा म्हणून, तर हँडलवर बसणारे बंद पॉडमधले चार इंची घे, मरीन ग्रेड, म्हणजे बोटीवर लावतात तसे, कोन प्लास्टिकचा आणि कडा रबराची. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच पॉवरमध्ये स्पीकर किती मोठा वाजतो तो डेसिबलचा आकडा, ९० च्या वर बघ. ॲम्प छोटा क्लास डी, म्हणजे कमी तापणारा, ५० आरएमएसचे दोन चॅनेल खूप झाले. त्यात हायपास फिल्टर (ठरावीक हद्दीखालचा बेस अडवणारा) असेल तर १०० ते १२० हर्ट्झला लाव, त्याच्या खालचा बेस चार इंची स्पीकरला झेपत नाही आणि बाहेर तो ऐकूही येत नाही, नुसती पॉवर खातो. वायर थेट बॅटरीवरून, अडीच स्क्वेअर एमएमची, बॅटरीपासून वीतभर अंतरात १५ चा फ्यूज, आणि मध्ये इग्निशनवर चालणारा रिले, म्हणजे चावी फिरवली की लाइन जोडणारा स्विच. हेडलाइटच्या वायरला टॅपिंग मारून देतो म्हणणाऱ्या वायरमनला नमस्कार कर आणि पुढच्या दुकानात जा.

सर, मिटिओर ३५० आहे. कॅम्पिंगला गेल्यावर इंजिन बंद करून गाडीच्याच स्पीकरवर गाणी लावली तर बॅटरी किती वेळ टिकेल? – अहिल्यानगर

या गाड्यांना साधारण ८ अँपियर-अवरची बॅटरी असते. मध्यम आवाजात ॲम्प सरासरी २-३ अँपियर खातो. कागदावर तीन तास दिसतात पण बॅटरी निम्म्याखाली गेली की स्टार्टर नुसता टकटक करतो, म्हणजे तासाभरातच पोटात गोळा यायला लागला पाहिजे. मिटिओरला किक नाही हे लक्षात असू दे, आणि भंडारदऱ्याच्या काठावर पहाटे पाचला धक्का मारायला कोण येणार? कॅम्पसाठी दोन-तीन हजाराचा चार्जिंगचा छोटा स्पीकर पिशवीत टाका आणि गाडीला झोपू द्या.

एक मल्टीमीटर पण घ्या, तीनशे रुपयांचा चालतो. गाडी बंद असताना चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते, चालू असताना १३.८ ते १४.४. हेडलाइट, फॉगलॅम्प, फोनचा चार्जर आणि ॲम्प सगळं एकदम चालू करून जरा रेस देऊन बघा, तरीही १३ च्या खाली असेल तर तुमचा अल्टरनेटर भरतोय त्यापेक्षा तुम्ही जास्त काढताय. एप्रिल २०१७ नंतरच्या गाड्यांना तर हेडलाइट बंदच करता येत नाही, तो लोड कायमचा धरायचा. फॉगलॅम्प आणि ॲम्प यात एक निवडायची वेळ आली तर फॉगलॅम्प ठेवा.

गाडीला ॲम्प बसवलाय पण रेस दिली की स्पीकरमधून कुईंऽऽ असा आवाज येतो, रेस वाढवली की तो पण चढतो. मेकॅनिक म्हणतो ॲम्प बदला. – पनवेल

ॲम्प बदलू नका. हा अल्टरनेटरचा आवाज आहे, अर्थिंगच्या घोळामुळे आत शिरतो. तुमचा ॲम्प चॅसीला अर्थ केलाय आणि फोन किंवा रिसीव्हर दुसरीकडे कुठेतरी, बरोबर? सगळ्यांच्या निगेटिव्ह एकाच जागी, थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर आणा, दहातल्या आठ वेळा एवढ्यावर काम होतं. फोन चार्जिंगला लावून ऑक्स वायरने गाणी लावताना येत असेल तर चार्जर काढून बघा, आवाज गेला तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची दोन-तीनशे रुपयांची डबी मध्ये टाका. आणि कुईं नसून टकटकटक येत असेल तर तो स्पार्कचा, मग ऑडिओची वायर इग्निशन कॉइल आणि प्लगच्या वायरपासून लांबून न्या, प्लग रेझिस्टरवाला आहे का ते पण बघा.

जाता जाता, बेस अगदीच फुसका असेल तर एका स्पीकरच्या वायरी उलट्या लागल्या असतील. दोन्ही स्पीकरच्या वायरी ॲम्पपासून सोडवायच्या, घड्याळातला पेन्सिल सेल घ्यायचा, त्याचा प्लस स्पीकरच्या प्लसला आणि मायनस मायनसला क्षणभर टेकवायचा. कोन बाहेर उचलला पाहिजे. एक बाहेर आणि एक आत जात असेल तर सापडला चोर.

काका, पुणे ते गोवा एका दमात गेलो, हेल्मेटमध्ये फुल व्हॉल्यूम. पोचल्यावर रात्रभर कानात शिट्टी वाजत होती. स्पीकर खराब आहेत का? – पुणे, वय २२

स्पीकर चांगले आहेत रे, कान बिघडवतोयस तू. शंभरच्या स्पीडला हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचाच आवाज १०० डेसिबलच्या आसपास जाऊ शकतो. कामाच्या जागेच्या आवाजासाठी अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचा हिशोब आहे, ८५ डेसिबलला ८ तास, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. मांड बरं, ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला १, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला १५ मिनिटं. म्हणजे तुझा दिवसाचा कोटा कात्रजचा बोगदा मागे पडेपर्यंतच संपला होता, आणि त्यावर तू गाणी चढवलीस.

मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, पन्नास रुपयाच्या आत. बोटांनी चोळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर ओढायचा, आत सरकवून अर्धा मिनिट बोट धरून ठेवायचं. त्याच्यावर हेल्मेट आणि हेल्मेटमधले स्पीकर चालू. विचित्र वाटेल पण प्लग घातल्यावर गाणं जास्त स्पष्ट येतं, वाऱ्याची घरघर दबते आणि कमी व्हॉल्यूममध्ये शब्द कळतात. हॉर्न पण ऐकू येतो. हेल्मेटखाली कानात घुसवायचे इअरबड्स मात्र लावू नकोस, त्याने गाणं सोडून काहीच ऐकू येत नाही आणि मागून ट्रक चिकटलाय हे आरशातच कळतं. शिट्टी दोन दिवसांनी पण थांबली नसेल तर हे वाचत बसू नकोस, कानाच्या डॉक्टरकडे जा.

मी मूळचा नाशिकचा, सध्या न्यू जर्सीत असतो. २०१८ ची गोल्डविंग टूर सेकंडहँड घेतली. सगळं स्वप्नवत आहे, फक्त स्पीकर हायवेला पातळ वाटतात. इथले लोक हजार-दीड हजार डॉलरची किट सुचवतात.

तुमचं पत्र वाचून आमच्या ऑफिसात दोघांनी उसासे टाकले. १८३३ सीसी, सहा सिलिंडर, आणि तक्रार काय तर स्पीकर पातळ!

पण खोटी नाही तक्रार. होंडाने २०२१ ला या गाडीला ४५ वॅटचे नवे स्पीकर दिले ते उगाच नाही दिले. तुम्ही एकदम पूर्ण किट घेऊ नका. पहिला वीकेंड फक्त स्पीकरच्या मागच्या जागेवर घालवा. पॅनल काढा, स्पीकरच्या कडेने फट दिसली तर फोमची गॅस्केट लावा, आजूबाजूच्या प्लास्टिकवर ब्युटाइलची डॅम्पिंग शीट चिकटवा. काय होतं, स्पीकरच्या मागून निघणारा आवाज फटीतून पुढे आला की पुढचा आणि मागचा एकमेकांना खातात आणि बेस मरतो. हे करून समाधान झालं नाही तर नुसते स्पीकर बदला. मूळ स्पीकर किती ओहमचे आहेत ते मोजून तेवढ्याचेच घ्या, कमी ओहमचे लावले की आतला ॲम्प तापतो. वेगळा ॲम्प हा तिसरा टप्पा, आणि मला वाटतं तिथवर तुम्ही जाणार नाही. तुमची काच बटणावर वरखाली होते, ती दोन बोटं वरखाली करून मग एकदा परत ऐका. आणि कारप्ले (आयफोन गाडीच्या स्क्रीनवर आणणारी सोय) चालू होत नाही असं दुसऱ्या पानावर लिहिलंय ते गाडीचं बिघडलेलं नाही, तुमच्या मॉडेलला हेल्मेटचा हेडसेट जोडल्याशिवाय ते चालूच होत नाही.

स्पीकर लावले तर पोलीस पकडतात का? – बारामती

गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं बंधन आहे. क्लॅम्पने बसवलेल्या पॉडवरून कोणी अडवेल असं मला वाटत नाही, पण पॅनल कापून, सब-फ्रेम वेल्ड करून काही केलंत तर विषय वेगळा. आवाजाचं मात्र स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ बंद, हॉस्पिटल, शाळा-कॉलेज आणि कोर्टाच्या भोवती १०० मीटर शांतता क्षेत्र, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. ५५ म्हणजे घरातल्या गप्पा. सिग्नलला तुमचं गाणं शेजारच्या रिक्षावाल्याला पाठ होत असेल तर तुम्ही केव्हाच त्या पलीकडे गेलात. राधानगरी, ताडोबाच्या रस्त्यांना तर प्लीज बंद ठेवा, गाडी म्हणजे काही मिरवणुकीतला ट्रॅक्टर नाही.

हा प्रश्न नाही, तक्रार आहे. आमच्या ह्यांनी हँडलवर स्पीकर लावलेत. मागे बसून मला गाणं कळतच नाही, नुसतं धब धब येतं, आणि थांबलो की इतक्या मोठ्याने चालू असतं की लोक बघतात. त्यांना सांगा. – ठाणे

ताई, तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि त्याला कारण पण आहे. स्पीकरचं तोंड त्यांच्या चेहऱ्याकडे, मध्ये त्यांची पाठ. बारीक आवाज सरळ रेषेत जातात ते त्यांच्या छातीवरच अडतात, जाड आवाज वळसा घालून तुमच्यापर्यंत येतात, म्हणून गाणं नाही, धब धब. शिवाय मागची सीट उंच, त्यांच्या हेल्मेटवरून फुटलेला वारा तुमच्या तोंडावर. वाऱ्यात ऐकू यावं म्हणून ते आवाज वाढवतात आणि सिग्नलला कमी करायला विसरतात.

त्यांना सांगतो, हे वाचत असतील तर: साहेब, ते पॉड उतरवा आणि जोडीचा इंटरकॉम घ्या, एका खोक्यात दोन येतात. म्युझिक शेअरिंग आहे का ते विचारून घ्या, म्हणजे दोघांना एकच गाणं आणि मध्येच "अहो, हळू" हे पण नीट ऐकू येईल. पॉड विकून हजार-दोन हजार सुटतील. ताई, व्हॉल्यूमचं बटण प्रत्येकाच्या हेल्मेटवर वेगळं असतं, तुमचं तुमच्या हातात. आता गाणी कोणाच्या फोनवरची लावायची हे मात्र तुम्ही दोघांनी घरी ठरवा, त्यात मला ओढू नका.